वाढवलेला कॉलम

प्रताप,

आश्लेषाला स्विमिंगला घेऊन जातेय. वरण फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लाव.

काउंटीतल्या मिडल स्कूल्सची तुझी एक्सेल शीट पाहिली. टेस्ट स्कोअर, रेटिंग, अगदी बसच्या वेळासुद्धा. कमाल आहे तुझी. पण पहिल्या नंबरच्या शाळेजवळ एवढं महाग घर घ्यायचं तर तुला शिकागोचं प्रोजेक्ट घ्यावं लागणार, सोमवार ते गुरुवार तू तिकडे. म्हणून मी शेवटी एक कॉलम वाढवला: 'बाबा आठवड्यात किती दिवस घरी'. त्या शाळेपुढे तीन लिहिलं, आपल्या इथल्या नवव्या नंबरच्या शाळेपुढे सात.

आश्लेषाला मी काही सांगितलं नव्हतं. तिनं स्वतःच त्या कॉलमवर सॉर्ट करून प्रिंट काढली आणि फ्रिजवर लावली. वरण काढताना बघ. तिच्या यादीत आपली शाळा पहिली आलीय.

सुलेखा