भिंतीपलीकडची सातवी

६ मे

आज खाउहेलोचे ओठ दिसले.

तास रोजच्यासारखाच चालला होता. मी म्हणते, "दुसरा अपूर्णांक उलटा करा, मग गुणा—" आणि अख्खी सातवी ओरडते, "कार!" वर पत्रा, त्यामुळे आवाज दुप्पट. एवढा आवाज म्हणजे सगळ्यांना येतंय, असंच वाटतं. आज खिडकीशी उभी होते म्हणून दिसलं. बाकावरच्या शेजारणीचं तोंड उघडलं की मग खाउहेलोचं उघडतं. जरासं उशिराच.

म्हटलं, आता कुणी बोलायचं नाही. दोनाला एकतृतीयांशाने भागा, उत्तर खडूने पुठ्ठ्यावर लिहा आणि वर धरा.

पुठ्ठे वर आले. बहुतेक कोरे.

मग इतकी वर्षं ओरडत कोण होतं?

७ मे

वर्गात सांगून टाकलं — यापुढे एकसुरात ओरडणं बंद. बिचारी गोंधळली. हात कुठे ठेवायचे तेही कळेना!

कालच्या पुठ्ठ्यावर खाउहेलोने लिहिलं होतं दोनतृतीयांश. मी विचारलं, "का गं?" तिने घाईघाईने बाहीने पुसलंच. बरोबर आहे, आमच्याकडे 'का' फक्त रागावतानाच विचारतात.

११ मे

चहाच्या वेळी मान्त्सोआकी सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं मारोरिसांग, तुझ्या वर्गात कुणी वारलंय का? सांगायचंस तरी, सुतकाचं ब्लँकेट पांघरून भेटायला आले असते!" सगळे हसले. मीही हसले. तिची सहावी पार नदीपर्यंत ऐकू येते.

मारोरिसांग. रोरिसांगची आई. लग्नात सासूने नाव दिलं, मूल व्हायच्या आधीच, सगळ्या सुनांना देतात तसं. रोरिसांग आली नाही. नवरा खाणीत गेला तो तिकडचाच झाला. नाव तेवढं राहिलं, दिवसभर सगळे त्याच नावाने हाक मारतात.

मक्याची उकड एकटीपुरती करायला हात अजून शिकलेला नाही. उरतेच.

१९ मे

नळावर खाउहेलोची मावशी भेटली. शाळेतली बाई म्हणून तीही मला म्मेच म्हणते. "म्मे, ही नापास झाली तर राजधानीत, मासेरूला पाठवते. एका बाईंना घरकामाला मुलगी हवीच आहे."

"नोव्हेंबरची परीक्षा तर होऊ द्या."

"थांबलेच आहे की. पण खरं सांगा, तिच्या डोक्यात काही शिरतंय का?"

बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचं सुचलं नाही.

२४ मे

हिवाळा लागला, वरच्या डोंगरांवर बर्फ पडला. मुलं ब्लँकेटं गुंडाळून बसली होती. मी दोन पाव नेले, घरच्या भांड्यात भाजलेले, गोल.

दोन भागिले एकतृतीयांश बरोबर सहा, असं फळ्यावर लिहिलं. म्हटलं, ज्याला पटत नाही त्याने हात वर करा. मग ब्लँकेटातून एक हात. खाउहेलो!

"भागलं की कमी व्हायला हवं ना, म्मे? दोनाचे सहा कसे होतील?"

पित्सो पहिल्या बाकावरून म्हणाला, "अगं गाढवे, नियम आहे तो!"

"मग तूच सांग, नियम असा का?"

पित्सोने नियमच परत म्हणून दाखवला.

मी सुरी खाउहेलोच्या हातात दिली. तिने एका पावाचे तीन सारखे भाग केले. दुसऱ्याचे तीन. तुकडे बोटाने मोजले. मग स्वतःशीच म्हणाली, "तुकडा लहान... म्हणून जास्त जणांना पुरतो. एकेका पावाचे तीन. म्हणून तिनाने गुणायचं!"

पित्सो म्हणाला, "थांब, थांब, परत सांग." आणि तिने सांगितलं! त्याला! मोठ्याने!

घरी आले. कुणाला सांगू? चूल पेटवली आणि चुलीला सांगितलं.

३१ मे

जिल्ह्याहून तपासणीला पाहुणे आले होते. मुख्याध्यापक न्ताते लेबुसा सकाळीच म्हणाले होते, "म्मे, आज जरा आवाज असू द्या."

आवाज होता. पण भांडणाचा. खाउहेलोने फळ्यावर चुकीचं लिहिलं, पित्सोने 'का' विचारलं, तिने पुसून परत मांडलं, तिसऱ्याला तेही पटेना. तास संपला.

पाहुण्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. न्ताते लेबुसा बोलले. "एका तासात एक गणित! अभ्यासक्रम या नोव्हेंबरला संपवायचाय, म्मे, की पुढच्या?"

३ जून

सातवी मान्त्सोआकीला दिली. मला दुसरी.

"दमलात तुम्ही. लहानांत बरं वाटेल," न्ताते म्हणाले. अगदी मायेने.

खाउहेलो दाराशी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघवलंच नाही.

७ जून

दुसरीची पोरं "बसा" म्हटलं तरी "बसाऽऽ" म्हणतात. पलीकडे सातवी. मध्ये नुसती पत्र्याची भिंत.

१० जून

पत्र्याला कान लावायचा नाही असं ठरवलं होतं. पण लावावा लागलाच नाही. मान्त्सोआकीचा आवाज खणखणीत. "दुसरा उलटा करा, मग गुणा—"

पलीकडे शांत.

"गुणा—!"

कुणीच नाही. आणि इकडून माझी दुसरीची पोरं, सवयीने, जीव खाऊन — "कार!"

हसू आलं, पण हसताच आलं नाही. कारण मग तिकडून एक बारीक आवाज आला. "म्मे, उलटा का करायचा?"

खाउहेलो.

"हे असलं विचारायला कोणी शिकवलं तुला?"

कुणी माझं नाव घेतलं नाही. पुढे काय झालं कळलं नाही, घंटा झाली. पोरीला आता बाहेर काढतील. मावशी वाटच बघतेय. हा 'का' मीच पोरीच्या हातात देऊन आले.

११ जून

शाळा सुटल्यावर मान्त्सोआकी माझ्या वर्गात आली. दार लावून घेतलं. ब्लँकेटाखाली काहीतरी गोल धरलेलं — पाव होता. आणि सुरी.

"तुझी पोरगी म्हणते, पाव आणा म्हणजे दाखवते. आता तिच्यासमोर कशी बसू मी? तू आधी दाखव." मग खाली बघत, "मीही नुसते ओठ हलवायचे गं, शाळेत असताना."

आम्ही दोघी दुसरीच्या इवल्याशा बाकावर बसलो. तिने पाव मध्ये ठेवला.

"हळू सांग," ती म्हणाली. "भिंत पत्र्याची आहे."