बायजाने विचारलेला प्रश्न

माले, वैशाख, शके १८४५

धुळा, तुला म्हसूचा आशीर्वाद.

महिन्यापूर्वी तुझ्या बायजाने माझ्यापुढे कार्ड ठेवले. म्हणाली, "दादा, तुरुंगात त्यांना लिवून इचारा, हात का उचलला?"

कुणावर हात उचलायचा नाही, अशी बेलभंडारा उचलून साऱ्या गावाने शपथ घेतली होती. आपली शेते बुडवणारे धरण अडवायला आपण दोघे त्याच्या पायाच्या खड्ड्यात शेजारीच बसलो होतो. मुकादमाने तुझ्या पाठीत काठी घातली, तरी तू रामनाम घेत बसून राहिलास. मला ते पाहवले नाही. दगड मी मारला. मुकादमाचा डोळा गेला. शिपाई आले तेव्हा तू माझ्याकडे एकदा पाहिलेस आणि उठून म्हणालास, "चला, मीच हाय तो."

परवा देवळात गुरवाने बायजाचा नारळ परत दिला. म्हणाला, "शपथ मोडली त्याच्या बायकोचा नारळ देव घेत न्हाई." माझा मात्र फोडला. मी प्रसाद घेतला आणि खाल्लाही. उद्या धरणावर बसायला जाणाऱ्यांचे पुढारपण गावाने मला दिले आहे. मी नाही म्हणालो नाही.

ते कार्ड मी टपालात टाकलेच नाही. बायजा रोज विचारायची, "उत्तर आलं का?" आज तिने विचारले नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "गप बसल्यात, म्हंजी त्यांनीच मारला असंल."

मी जेवून उठलो.

तुझा थोरला भाऊ म्हणवून घेणारा,
म्हसू