पूजाचं वाचन

मंगळवार, जैनथ

आज शाळेत झालं ते मनातून जात नाही. चौथीतली पूजा म्हणजे माझ्या वर्गातली सर्वात हुशार मुलगी. तपासणीला कोणी आलं की मी तिलाच वाचायला उभं करते. आज तिने नदीचा धडा घडाघडा वाचला. सहज जवळ गेले, तर पुस्तकात भलतंच पान उघडं!

मधल्या सुट्टीत तिला एकटीला बसवून एक ओळ वाचायला दिली. एकही शब्द जमेना.

"अक्षरं हलून राह्यले, बाई," म्हणाली आणि रडायलाच लागली. "मले खालच्या वर्गात नका बसवू."

"मग धडा कसा आला तुला?"

"काल तुमी वाचला ना, तवा ऐकला."

एकदाच वाचला होता मी. बारा वर्षं शिकवते आहे, तरी मला पुस्तक लागतं. हिला कच्ची म्हणू की हुशार? आणि असं भलतं पान वर्षभरात कितीदा उघडं असेल? हुशार समजले, म्हणून कधी पाहिलंच नाही.

तिला म्हटलं, "उद्यापासून धडा ऐकून सांग. अक्षरं आपण दोघी वेगळी शिकू."

तिने डोळे पुसले. हळूच विचारलं, "मंग आता पुस्तक खाली ठेवू, बाई?"