चेर्नोबिलचा अर्थ

मानखुर्द, मे १९८६, रविवार संध्याकाळ

आज सुनंदाला बघायला घाटकोपरचे पाहुणे आले होते. मुलाचे वडील खिडकीतून तुर्भ्याच्या अणुभट्टीचा घुमट बघत हसून म्हणाले, "म्हणजे तुम्ही चेर्नोबिलच्या शेजारीच की हो. पोरीची तपासणी वगैरे केलीत कधी?"

मी लगेच सुरू. चेर्नोबिल हे एका गावाचं नाव. इंग्रजी पेपरवाले आता ते कुठल्याही संकटाला लावतात, ते चूक. मूळ अर्थ एक कडू वनस्पती, आपल्या दवण्याच्या जातीतली. शाळा सातवीपर्यंतच झाली माझी, पण हे तीन कोश ताडून काढलंय. एक शब्द चुकला नव्हता. मग पाहुणे एकमेकांकडे का बघायला लागले? चहा घेतला, पाण्याला मात्र हात लावला नाही. "कळवतो" म्हणून उठले.

"तुम्हाला मास्तरकी कोणी सांगितली होती?" ही म्हणाली.

सुनंदा पेले उचलत होती. "बाबा, त्यांनी अर्थ नव्हता विचारला. मी धडधाकट आहे का, ते विचारलं."

उकळलेला चहा चालला, पाणी नाही. आम्ही तेच पाणी सोळा वर्षं पितोय. प्रश्न मला कळला नव्हता असं नाही. त्याचं उत्तर येत नव्हतं, म्हणून जे येत होतं ते सांगितलं.

"मग आहे का काही भीती?" सुनंदाने विचारलं.

"माहीत नाही गं."

"तर उद्या डॉक्टरकडे जाऊ. त्यांच्यासाठी नको. मलाच कळायला हवं."

हो म्हटलंय. काय निघेल?