फळीवरचे दिवे

मॅडम, ती प्लायवूडची फळी अजून माझ्याकडे आहे. धुळ्याला एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये, माझ्या टेबलामागे, भिंतीला टेकवून ठेवलेली. ओळीने पिवळे बल्ब, प्रत्येक बल्बखाली एक कंट्रोलर, आणि कोपऱ्यात सगळ्यांना मिळून एकच बटण. त्या बटणाला तुम्ही ‘लाईट’ म्हणायचात. पिवळे बल्ब आता सहज मिळत नाहीत. मध्ये एलईडी लावून पाहिले, उपयोग झाला नाही. तुम्ही म्हणाला होतात, एलईडीला उठताना जादा करंटची भूक लागत नाही, मोटारीला आणि पिवळ्या बल्बला लागते. आज दिवसभर ही फळी समोर होती. कंपनीच्या शेठना संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

तुमच्याकडे जळगावला इंटर्न म्हणून आलो तेव्हा मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी कॉम्प्युटर मिळेल. तुम्ही एक डबा हातात दिलात. शेतातल्या मोटारीचा कंट्रोलर. लाईट अवेळी येते, तेव्हा शेतात कोणी नसतं, म्हणून हा डबा आपण होऊन मोटार सुरू करतो. तुम्ही म्हणालात, बटण दाब. मी दाबलं. “आता बोट ओलं करून दाब. आता चिखलाचं बोट. शेतात कोणी हात धुऊन येत नाही.” कितीतरी दिवस मी बटणंच दाबत होतो. कॉलेजातले मित्र फोनवर विचारायचे, काय शिकतोस? मी म्हणायचो, प्रोग्रॅमिंग. तुम्ही पलीकडच्या टेबलावरून ऐकायचात आणि हसायचा नाहीत. अमळनेरहून रोज रेल्वेने येणारी, डबा खाताना सर्किटचा कागद समोर ठेवणारी बाई. त्या वेळी तुमची थोडी भीती वाटायची. आता तुमच्या त्या वयाला मी पोचलो आहे, आणि कळतं की तो कडकपणा नव्हता. थकवा होता.

मग पहिलं खरं काम दिलंत. लाईट येते तेव्हा सुरुवातीला ती वरखाली होते, म्हणून डब्याने थोडं थांबून मग मोटार लावायची. मी ते लिहिलं. टेबलावर एक डबा ठेवून पाहिलं. बरोबर थांबला, बरोबर सुरू झाला. तुम्ही त्या आठवड्यात रजेवर होतात. दवाखान्यासाठी, ते आम्हाला फार नंतर कळलं. डबे अमळनेरकडच्या एका शिवारात गेले. सगळ्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे खांबावरच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर. लाईट आली. सगळे डबे अगदी सारखा वेळ थांबले आणि सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या. डीपी जळाली.

तुम्ही रजा मोडून आलात आणि मला सोबत नेलंत. मला अजून दिसतं. आपण त्या डीपीखाली उभे आहोत, तेलाचा जळका वास आहे, दोन्ही बाजूंना मका माना टाकून उभा आहे. माणसं जमली आहेत. कोणी अंगावर येत नाही, ते आले असते तर बरं झालं असतं. एक आबा टोपी काढून डोकं खाजवतात आणि तुम्हाला म्हणतात, “अक्का, मशीन तुमनं भलतं शिस्तनं शे. शाळानी घंटा वाजनी का बठ्ठा पोरे एकदम उभा!” सगळे हसतात. मग आबा माझ्याकडे बघतात. “हाई पोरगानं बनाडं का? हुशार शे. पन त्याले एकच मोटार माहीत शे.” पुन्हा हसतात. मी मक्याकडे बघतो. तुम्ही हसत नाही. तुम्ही आबांना विचारता, नवी डीपी कधी मिळेल म्हणतात? आबा हात आभाळाकडे करतात. तुम्ही दुपारभर तिथे उभ्या राहिलात. कोणी सावलीत या म्हटलं तरी गेला नाहीत, म्हणून मलाही जाता आलं नाही.

तिथून तुमच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात तुम्ही ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी थापत होतात, मी पाटावर. बोलाल म्हणून वाट बघत होतो. तव्यावरची भाकरी उलटून तुम्ही म्हणालात, “प्रोग्रॅम चुकलेला नाही.”

मी म्हटलं, “मग?”

“एकटा होता. टेबलावर एकट्याला कोणीही शहाणं ठरतं. तू त्याला शेजारी दिला नाहीस.” आणि लगेच, “ठेचा घे. रडू नकोस, ठेचा तिखट आहे म्हणायला तरी आधी खा.”

दुसऱ्या दिवशी आपण फळी केली. कोपऱ्यात तुम्ही डीपी म्हणून फ्यूजची बारीक तार बांधलीत. सगळे बल्ब एकदम उठले की तार जळायची. मग प्रत्येक डबा आपापल्या नंबराप्रमाणे कमीजास्त थांबेल असं मी लिहिलं. तुम्ही लाईट दाबलीत. बल्ब एकेक करून लागत गेले, मध्ये मध्ये अंतर सोडून, पंगतीत वाढपी पुढे सरकावा तसे. तार राहिली. तुम्ही फक्त “हं” म्हणालात. इंटर्नशिप संपली तेव्हा फळी माझ्या हवाली केलीत. “घेऊन जा. माझ्यानंतर इथे हिला कोणी हात लावणार नाही.” मला वाटलं, तुम्ही नोकरी सोडताय.

आता शेठ म्हणतात, ते थांबणं काढा. डीलर तक्रार करतात. शेजारच्या शेतात दुसऱ्या कंपनीचा डबा, त्याची मोटार लाईट आल्याबरोबर पाणी ओढते, आपला डबा उभाच. डीलर फोनवर म्हणतो, “सर, गिऱ्हाईक म्हणतं तुमची मोटार जावयासारखी आहे, बोलावल्याशिवाय उठत नाही. आपणच का थांबायचं? बाकीचे थांबतात का?” गेली कितीतरी वर्षं मी याला उत्तर देतो आहे. आधी आकृती काढून द्यायचो, मग तोंडी, मग नुसती मान हलवून. या वेळी शेठ शांतपणे म्हणाले, “तुम्हाला जमत नसेल तर पुण्याला एक पार्टी आहे, ती करून देते.” म्हणजे मग मीही लागणार नाही. या वयात दुसरीकडे कोण घेतं, मॅडम.

सध्या बोदवडची एक मुलगी माझ्याकडे इंटर्न आहे. दुपारी तिने विचारलं, “सर, काढून टाकायचं का मग? एकच ओळ आहे.” मी म्हटलं, काढ. तिने काढली. सगळ्या डब्यांत नवा प्रोग्रॅम भरला, फळी टेबलावर घेतली. मी लाईट दाबली. सगळे बल्ब एकदम लागले आणि त्याच क्षणी तार गेली. शेडमध्ये जळक्या तारेचा वास पसरला. ती म्हणाली, “बापरे.” मग थोड्या वेळाने, “पण सर, आपले थांबले आणि बाकीच्यांचे नाही थांबले, तरी डीपी जाणारच की कधीतरी.” हे तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. मी तिला तारेचं रीळ दिलं. तिने नवी तार बांधली, मी न सांगता ती ओळ परत घातली, पुन्हा लाईट दाबली. एकेक करून लागले. ती शेवटचा बल्ब लागेपर्यंत बघत राहिली.

संध्याकाळी शेठना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “ठीक. डीलरला तुम्ही सांगा. आणि पुण्याच्या पार्टीला मी भेटतोच आहे.”

हे सगळं मी प्रोग्रॅमच्या फाइलीतच लिहितो आहे, त्या ओळीच्या वर. अशा मजकुरापुढे एक खूण घातली की कॉम्प्युटर तो वाचत नाही, ओलांडून जातो. उठताना पुसून टाकेन. तुम्ही असतात तर नाही म्हटल्याबद्दल “हं” म्हणाला असतात, आणि मी ते घेतलं असतं. पण ते तत्त्वासाठी नव्हतं, मॅडम. तुमच्यासाठीही नव्हतं. डीपीखाली पुन्हा दुपारभर उभं राहायचं आता पायांत नाही, एवढंच.