उल्हासदादांची पांढरी गाडी

५ फेब्रुवारी २०१२, रविवार

विनयने जेवताना सांगून टाकलं — उल्हासदादांची गाडी आपण घेतोय. विचारलं नाही, सांगितलं.

गाडी लागणार हे खरंच आहे. एप्रिलपासून त्याची बदली त्सुकुबाला. तिथे इथल्यासारखं नाही, दर पाच मिनिटांनी तोझाई लाइनची लोकल आणि खाली उतरलं की भारतीय दुकान. तिथे शाळा एका टोकाला, बाजार दुसऱ्या. गाडीशिवाय हाल. पण चालवणार कोण? मीच! विनयला इथे गाडी चालवायची भीती वाटते म्हणे. पुण्यात तर सिंहगडाच्या घाटात एका हाताने चालवायचा.

उल्हासदादा आणि सुनीतावहिनी मार्चअखेरीस कायमचे पुण्याला जाणार. दादा विनयचे ऑफिसातले सीनियर, आमच्याहून दहा वर्षांनी मोठे. आम्ही टोकियोत, निशी-कसाईला आलो तेव्हा पहिला आठवडा त्यांच्याकडेच जेवलो होतो. गॅसचं कनेक्शन, अनघाची बालवाडी, कचरा कुठल्या दिवशी कुठला — सगळं वहिनींनी शिकवलं. त्यांची गाडी म्हणजे घरातलीच. बाजारापेक्षा पुष्कळ स्वस्तही देतायत.

तरी एकदा मला विचारायला काय झालं होतं?

९ फेब्रुवारी, गुरुवार

पास झाले! तिसऱ्या खेपेला! तोयोचोच्या परीक्षा केंद्रात आज जपानी लायसन्स हातात पडलं. मागच्या दोन वेळी डावीकडे वळताना मान पुरेशी फिरवली नाही म्हणून नापास. आज मान इतकी फिरवली की परीक्षक हसला.

अनघाला फोटो दाखवला. “मामा, कोवाई काओ” म्हणाली. आई, भीतिदायक चेहरा म्हणे. सहा वर्षांची आहे, मराठीत विचारलं तरी उत्तर जपानीत.

१२ फेब्रुवारी, रविवार

गाडी चालवून पाहिली. दादा शेजारी, मी स्टिअरिंगवर. नदीकाठच्या रस्त्याने दोन फेऱ्या. पांढरी, आतून स्वच्छ. वहिनींच्या हातचं क्रोशाचं कव्हर अजून मागच्या सीटवर.

हात सैल सोडले की गाडी किंचित डावीकडे जाते. दादांना म्हटलं. म्हणाले टायरमधली हवा बघायला पाहिजे. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

वर चहाला गेलो. वहिनी फार बोलल्या नाहीत. जाण्याची आवराआवर चाललीय, दमल्या असतील. विनय आलाच नाही, डोकं दुखतंय म्हणाला.

१८ फेब्रुवारी, शनिवार

मी ज्या बालवाडीच्या स्वयंपाकघरात बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम करते, तिच्या मागेच ओगावा-सानचं गॅरेज आहे. म्हातारे, कमी बोलणारे. बालवाडीची व्हॅन तेच बघतात. आज दादांकडून गाडी मागून घेतली आणि त्यांना दाखवली. घेण्याआधी बघून ठेवावं एवढंच मनात होतं.

त्यांनी बॉनेट उघडलं, टॉर्च लावून बघितलं, पाठीवर झोपून खाली सरकले. दहा मिनिटं खालीच होते. मग मला वाकून बघायला सांगितलं. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालाय, म्हणजे त्यांना पाना लागलाय. रेडिएटरपुढची आडवी पट्टी नवी आहे. आणि चासीच्या पुढच्या टोकाला एक सुरकुती, ठोकून सरळ केलेली. बोट फिरवलं तर लागली हाताला.

म्हणाले, समोरून जोरात आपटलीय. काम चांगलं केलंय, पण केलंय. जपानात अशा गाडीच्या कागदावर तसं लिहावं लागतं. विकणाऱ्याने ते सांगितलंच पाहिजे. ओळखीचा असेल तर आधी.

मी विचारलं, तुम्ही घ्याल का?

“स्वतःसाठी घेईन,” म्हणाले. “मुलीला बसवायचं असेल तर नाही.”

गाडी परत नेली. चावी दादांच्या हातात दिली, थँक यू म्हटलं, घरी आले. त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही. लाज त्यांना वाटायला हवी होती, वाटली मला.

१९ फेब्रुवारी, रविवार

विनयला सगळं सांगितलं. वाटलं चिडेल. निदान दादांना फोन तरी लावेल. तो शांतपणे पेपर घडी करत होता. म्हणाला, ठोकर लागली असेल कुठे, दुरुस्त झालीय ना, चालतेय ना. मी चासीचं सांगितलं, अनघाला बसवायचं सांगितलं. तर म्हणाला, शब्द दिलाय, गाडी घ्यायची, विषय संपला.

कोणाला शब्द दिलाय? आपल्याला फसवणाऱ्याला? तेरा वर्षांच्या संसारात हा माणूस दोनशे रुपयांच्या चपलेसाठी दुकानदाराशी अर्धा तास भांडलेला मी पाहिलाय.

दिवाळीचा फराळ आम्ही चौघांनी मिळून केला होता. माझ्या ओट्यावर वहिनींनी अनारसे तळले. तेव्हाही माहीत असणार त्यांना गाडीचं. आणि आता ती माझ्या गळ्यात मारतायत. परकी माणसं नाहीत म्हणून जास्त लागतं.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनींचा फोन दोनदा येऊन गेला. उचलला नाही.

३ मार्च, शनिवार

आज सकाळी गेलेच त्यांच्याकडे. दादा बँकेच्या कामाला बाहेर गेले होते. घरात सगळीकडे खोकी. वहिनी मिसळणाचा डबा कागदात गुंडाळत होत्या.

ठरवून गेले होते की आवाज चढवायचा नाही. म्हटलं, वहिनी, गाडीला मोठा अपघात झालेला आहे. तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत. दुसऱ्या कोणाला अशी विकली असतीत तर मला काही वाटलं नसतं, पण आम्हाला?

त्या खाली बसल्या.

“सुरुची, तुला खरंच माहीत नाही?”

मला वाटलं नाटक करतायत. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विनयला विचार म्हणाल्या. मी हलले नाही. म्हटलं, मी तुम्हाला विचारतेय.

मग सांगितलं. मागच्या वर्षी भूकंपानंतर ते दोघं १४ मार्चच्या विमानाने पुण्याला गेले. ते मला माहीत होतं. जाताना गाडीची चावी विनयकडे देऊन गेले, टाकी भरून. ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विनयने गाडी काढली. गोतेम्बाजवळ हायवेच्या कठड्यावर घातली. दादांनी विम्यातून दुरुस्त करून घेतली. विनयने हातापाया पडून सांगितलं होतं, सुरुचीला कळू देऊ नका. आता दुरुस्तीचा शिक्का असलेली गाडी कोणी नीट किमतीला घेत नाही म्हणून विनयनेच दादांना सांगितलं, मी घेतो.

मी म्हटलं, १५ तारखेला विनय योकोहामाला होता. क्लायंटचे सर्व्हर बंद पडले होते. तीन दिवस तिथेच राहिला होता.

“ऑफिस सोमवारपासून बंद होतं गं,” वहिनी म्हणाल्या. “सगळ्यांना घरी बसायला सांगितलं होतं.” मग हळूच म्हणाल्या, “चावी आम्ही तुम्हा तिघांसाठी ठेवली होती.”

जिना उतरून आले. कशी आले आठवत नाही.

४ मार्च, रविवार

विनयला काही बोलले नाही. पोळ्या केल्या. अनघाला पोहायच्या क्लासला सोडलं. तो विचारत होता बरं नाही का. म्हटलं पाठ दुखतेय.

६ मार्च, मंगळवार

सारखा तो मंगळवारच डोळ्यांपुढे येतो. १५ मार्च. आदल्या दिवशी फुकुशिमात दुसरा स्फोट झाला होता. दुकानात पाव नाही, दूध नाही, पाणी नाही. बिल्डिंगमधली भारतीय कुटुंबं एकेक करून जात होती, जिन्यातून बॅगांचे आवाज. मी म्हटलं, आपणही जाऊया ना, ओसाकाला तरी. म्हणाला, कामावर जायलाच हवं, लोकांचे पैसे अडकलेत. मी डबा भरून दिला. बटाट्याची भाजी, चार पोळ्या. घरातली शेवटची कणीक. दारात अनघाच्या डोक्यावरून हात फिरवून गेला.

मग तीन दिवस. खिडक्यांच्या फटींना टेप लावली. टीव्हीवर किरणोत्साराचे मुंगीच्या पावलाने चढणारे आकडे. धक्का आला की अनघाला घेऊन टेबलाखाली. पाच वर्षांची होती. “पापा वा?” पापा कुठे, एवढंच विचारायची. मी सांगायचे, पापा लोकांची कामं करतोय. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. त्यांनाही अभिमानाने सांगितलं, तिकडे कामाच्या जागीच झोपतोय हो!

गुरुवारी आला, कपाळाला टाके. तिथल्या ऑफिसात शेल्फ पडलं म्हणाला. मी महिनाभर मलम लावलं.

११ मार्च, रविवार

आज भूकंपाला वर्ष झालं. दुपारी पावणेतीनला बागेतल्या लाउडस्पीकरवर घोषणा झाली, सगळे उभे राहिले. माणसं, सायकलवाले, कुत्रा फिरवणारी बाई. आम्ही दोघंही. अनघा मैत्रिणीकडे होती. मिनिट संपलं आणि मी तिथेच विचारलं.

“मागच्या वर्षी पंधरा तारखेला कुठे चालला होतास?”

त्याने कोणी सांगितलं असं विचारलं नाही. बाकावर बसला. ओसाकाला, म्हणाला. तिथे खोली बघणार होतो, मग तुम्हाला बोलावून घेणार होतो. मी म्हटलं, गाडीत पाच सीटा आहेत, विनय. तेव्हा रडायला लागला. म्हणाला घरातून निघताना ऑफिसलाच जायचं ठरवलं होतं. बंद आहे माहीत असूनही. घरात बसवत नव्हतं. खिशात चावी होती. गाडीत बसला आणि काही सुचेना. फक्त लांब जायचं, एवढंच.

मी विचारलं, “डबा कुठे खाल्लास?”

का विचारलं माहीत नाही. वर्षभर तो डबा माझ्या डोक्यात कधीच नव्हता.

म्हणाला, हमामात्सुजवळच्या सर्व्हिस एरियात. उघडला आणि घास उतरेना. अनघा दिसायला लागली. तसाच डबा बंद करून परत फिरला. घाईने परत येत होता, गोतेम्बाजवळ गाडी घसरली. टाके घातल्यावर दोन दिवस तिथल्याच एका लॉजमध्ये पडून होता, घरी यायचं तोंड नव्हतं.

“पण परत फिरलो होतो, सुरुची. तेवढं तरी धर.”

मी बाकाजवळून निघाले. पण घरी येताना त्याने हात धरला, तो सोडवून घेतला नाही.

१४ मार्च, बुधवार

तीन दिवस विचार केला. पळाला हे मी विसरणार नाही. वर्षभर खोटं बोलला, दादा-वहिनींनाही त्यात ओढलं, ते तर त्याहून वाईट. वहिनींना मी उगाच चोर ठरवलं.

पण परत फिरला. एकटा, भ्यालेला, दोनशे किलोमीटर गेल्यावर घास खाली जाईना म्हणून फिरला. माझ्यावर तशी वेळ आली असती तर मी पहिल्या मिनिटाला काय केलं असतं, छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मीही त्या दिवसांत अनघावर ओरडले होते, एकदा मारलंही होतं.

गाडी घ्यायची ठरवली. ओगावा-सानकडे गेले. म्हणाले, काय काय बदललंय ते कळलं तर चासीचं काम मी नीट करून देतो, चाकंही सरळ करतो. मुलीला बसवता येईल इतकी चांगली होईल. दुरुस्तीची फाइल मागा. वहिनींना फोन केला, माफी मागितली. दोघी रडलो. फाइल शनिवारी देतायत. दादांना जपानी वाचता येत नाही, विम्याच्या माणसाने जे दिलं ते तसंच लावून ठेवलंय म्हणाल्या.

विनयला सांगितलं गाडी घेऊया. स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला, भांडी पुसायला लागला. खूप दिवसांनी.

१७ मार्च, शनिवार

फाइल आली. जाडजूड आहे. ट्रान्सफरच्या कागदावर सहीऐवजी माझा शिक्का मारायचा, बस. अनघाला रंग आवडलाय. फाइल उद्या सावकाश वाचते, जपानी कांजी अक्षरं खूप आहेत.

१८ मार्च, रविवार

दादांना फोन करून सांगितलं, गाडी नको. विनयला सांगितलं, त्सुकुबाला तू जा, मी आणि अनघा इथेच राहतो. का का म्हणून विचारत राहिला. फाइलमधला पोलिसांचा अपघाताचा दाखला पुढे ठेवला. त्यालाही वाचता येत नाही. मी वाचून दाखवला. १५ मार्च, सकाळी दहा पन्नास. तोमेई हायवे, गोतेम्बाच्या अलीकडे. टोकियोहून बाहेर जाणारी बाजू. हमामात्सु तिथून दीडशे किलोमीटर पुढे.

तो परत फिरलाच नव्हता. गाडी मोडली म्हणून घरी आला.