माणचं औंध केलं, त्याची हकीकत

सांगली, मंगळवार

तीर्थस्वरूप हरीमामा,

तुम्हाला हात जोडून आणि मामींना वाकून नमस्कार (गुडघे दुखत असतील तर त्यांनी आशीर्वाद खुर्चीतूनच द्यावा, पोचतो). वाईला थंडी पडली असेल. तुमचा खोकला कसा आहे? काढा घेतोय असं मामींना सांगत असाल, हे मला माहीत आहे. इकडे सगळं क्षेम. म्हणजे मी जेवते, झोपते. दूध संघाबद्दल तुमच्या कानावर काही आलं असेल तर ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मीच लिहिते.

तुमच्या शब्दावर चेअरमन उदयसिंहदादांनी मला संघाचे सर्व्हर सांभाळायला ठेवलं. प्रत्येक संकलन केंद्रावर एक सर्व्हर, आणि त्या सगळ्यांनी कसं वागायचं हे सांगणारा एक प्रोग्राम इथे मुख्य कचेरीत. तो लिहिला माझ्या आधीच्या सयाजीरावांनी, आणि लिहिताना सूचना व माहिती भाजी-भाकरीसारखी एकात एक कुस्करून ठेवली. केंद्रांची नावं, दुधाचे दर, शेतकऱ्यांना जाणाऱ्या संदेशांचा मजकूर, संचालकांच्या सह्या, सगळं कोडच्याच पोटात. मेढ्याचा दर बदलायचा तर सगळा कोड उसवायचा. मी आल्या आल्या सांगितलं, की माहिती वेगळ्या फायलींत काढू, म्हणजे कोडला हात लावावा लागणार नाही. दादा म्हणाले, "चाललंय न्हवं? मग कशाला खाजवायचं?" (संघाच्या जीपच्या ब्रेकबद्दलही त्यांचं हेच मत आहे.)

गेल्या महिन्यात माणचं केंद्र औंधला हलवायचं ठरलं (दादांचं गाव औंध, हा योगायोग). "नुसतं नाव तर बदलायचं, च्या येईस्तोवर कर," दादा म्हणाले. मीही हुशारी केली. कॉम्प्युटरला सांगितलं, दिसेल तिथे 'माण' काढ, 'औंध' घाल. चहा यायच्या आत झालं. शाबासकीसुद्धा मिळाली.

पण कॉम्प्युटर फार आज्ञाधारक, मामा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर संदेश गेला: 'आपल्या दुधात पाण्याचे प्रऔंध वाढले आहे. प्राऔंधिक सभासदांनी नोंद घ्यावी.' पहिला फोन मेढ्याच्या राहीबाईंचा. "आवं ताई, ह्यो प्रऔंध म्हंजी रोग हाय का? मला झालाय का म्हशीला?" मी धीर दिला, की दोघींनाही काही झालेलं नाही. "मग प्राऔंधिक कोन?" मी म्हटलं, तुम्हीच. त्यांनी फोन ठेवला, आणि त्या दिवसापासून दूध दुसरीकडे घालायला लागल्या.

हेही निभावलं असतं. पण संदेशाखाली सही होती 'औंधिकराव, उपाध्यक्ष'. आमचे उपाध्यक्ष माणिकराव दहिवडीचे, म्हणजे माणचेच. केंद्र गेल्यामुळे आधीच धुमसत होते. जीप भरून माणसं घेऊन कचेरीत आले. "केंद्र न्हेलं, सोसलं. आता आमचं नाव बी औंधला न्हेता व्हय?" दादा देवीची शपथ घेऊन सांगत होते की आपल्याला यातलं काही ठाऊक नाही. ते खरं बोलत होते, पण ऐकणाऱ्यांना त्याची सवय नव्हती. माणिकरावांनी चार संचालकांचे राजीनामे टेबलावर ठेवले. दादांची खुर्ची हलली, तसे ते माझ्याकडे वळले. "ज्ञानदा, काय ते येगळं करायचं म्हनत हुतीस न्हवं, ते कर. आत्ता कर."

मी केलं. आता कोडमध्ये एकाही गावाचं किंवा माणसाचं नाव नाही. प्रत्येक केंद्राची माहिती आपापल्या फायलीत, कुणालाही वाचता येईल अशी. माणिकराव पुन्हा माणिकराव झाले, राजीनामे परत गेले, पेढे वाटले. केंद्र औंधलाच राहिलं. नाव परत मिळाल्याच्या आनंदात त्याबद्दल विचारायचं सगळे विसरले. सर्वसाधारण सभेत दादांनी माझा शाल-नारळ देऊन सत्कार केला.

तुमची भाची,
ज्ञानदा

ता.क. सत्कार निरोपाचा होता. दादांनी ती फाइल उघडली, मेढ्याचा दर स्वतःच बदलून पाहिला, आणि म्हणाले, "ह्ये तर लय सोपं हाय की गं! मग तुझं काय काम उरलं?" एक तारखेपासून त्यांची पुतणी अंकिता येते आहे.

ता.क. नंतरचं ता.क. तुमच्या ओळखीत एखादा कारखाना, पतसंस्था असेल तर माझ्यासाठी शब्द टाका. मात्र आधी चौकशी करा. तिथे अजून सगळं एकात एक कुस्करलेलं असेल तरच टाका. आणि ते वेगळं करणं मला जमतं, हे कृपा करून बोलू नका.